सोजरबाईची खूण

दोन हजार सालच्या पहिल्या दिवशी म्हस्कू सकाळी सहाच्या ड्यूटीला दौंड स्टेशनात आला, तेव्हा जग जागच्या जागी होतं. चहावाला स्टोव्हला पंप मारत होता. मनमाडकडून येणारी गाडी नेहमीसारखी उशिरा होती. रात्री बाराला बंद पडणार म्हणून गावभर गाजलेला रिझर्वेशनचा कॉम्प्युटरसुद्धा चालू होता.

“काय मामा, बुडालं न्हाई की जग!” चहावाला म्हणाला. “मी तर दुधाचा रतीब बंद करनार व्हतो.”

म्हस्कूनं चहा घेतला. स्टेशनात सगळे हसत होते, एकमेकांना हात मिळवत होते. एकट्या म्हस्कूला मात्र जग राहिल्याचं दुःख झालं होतं. असं उघड बोलता येत नाही, म्हणून तो रुळांकडे निघून गेला.

म्हस्कू शंटिंगवर होता. दौंडला काही गाड्यांची दिशा बदलते. पुढचं इंजिन सोडवायचं, वळसा घालून मागच्या टोकाला आणायचं आणि तिकडून जोडायचं. मग गाडी जिकडून आली तिकडंच तोंड करून निघाल्यासारखी वाटते, पण थोडं पुढं गेल्यावर वेगळ्या मार्गाला लागते. नवखा प्रवासी दचकतो. म्हस्कूनं तीस वर्षं ही जोडाजोडी केली होती आणि एकदाही त्याची चूक झाली नव्हती.

चूक झाली ती घरात, वहीच्या एका पानावर.

अठ्ठ्याण्णवच्या जानेवारीत गावात एक उपदेशक आला होता. मैदानात तंबू ठोकून त्यानं तीन दिवस चार पशूंच्या पुस्तकावर भाषणं केली. पवित्र शास्त्रातलं, म्हणजे बायबलातलं, हे पुस्तक ज्यू लोकांचं फार जुनं. त्यात समुद्रातून चार पशू निघतात, राज्यं उठतात आणि पडतात, आणि शेवटी दिवसांचे आकडे येतात. उपदेशक म्हणाला, दिवसाला वर्ष धरा आणि मोजा, म्हणजे जगाचा शेवट कधी ते कळेल. पुढं महिनाभरात म्हस्कूनं मोजलं. सहाशे चौसष्ट सालात तेराशे पस्तीस मिळवले. एकोणीसशे नव्याण्णव आले.

त्याच फेब्रुवारीत त्याची बायको सोजरबाई पोटाच्या दुखण्यासाठी शेजारच्या मदिनाला घेऊन पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात जाऊन आली. म्हस्कूची ड्यूटी होती. परत आल्यावर ती म्हणाली, “डाक्टर आपरेशन करा म्हन्तो. मी न्हाई करनार. दोन वर्सात प्रभूच येनार, तुमीच गनित काढलंय. मग पोट कशाला फाडून घ्यायचं?”

म्हस्कूनं दोनदा समजावलं. तिसऱ्यांदा समजावलं नाही, कारण आपलं गणित बरोबर आहे असं त्यालाही वाटत होतं. उन्हाळ्यात रेल्वेच्या डॉक्टरनं तिचं पोट तपासून सांगितलं, आता काही करण्यासारखं नाही. ऑक्टोबरात सोजरबाई गेली. त्यांना मूलबाळ नव्हतं. क्वार्टरमध्ये म्हस्कू, तिची शिवणाची मशीन आणि तिचं शास्त्र एवढं राहिलं.

तेव्हापासून म्हस्कू एकतीस डिसेंबरची वाट बघत होता. जग संपलं तर सोजर भेटणार होती, आणि गणित खरं ठरलं म्हणजे तिचा निर्णयही खरा ठरणार होता. जग राहिलं तर एकच अर्थ निघत होता. बायको त्याच्या चुकीच्या बेरजेपायी मेली. हे त्यानं कुणालाही सांगितलं नव्हतं. ना चर्चमध्ये, ना शेजारी.

आणि जग तर राहिलं होतं.

सोमवारी त्याची सुट्टी होती. त्यानं पिशवीत वही घातली, सोजरचं शास्त्र घातलं आणि दाराला कुलूप लावलं. शेजारी मदिना अंगणात तांदूळ निवडत होती.

“सकाळच्या पारी कुठं भाऊ?”

“घोडनदीला जातो. मुक्ताबाईंकडं.”

शिरूरला जुनी माणसं घोडनदीच म्हणतात. मुक्ताबाई तिथं राहत. शास्त्र शिकवणाऱ्या शिक्षिका, आता निवृत्त. तरुणपणी त्या ज्यूंच्या जुन्या दोन भाषा शिकल्या होत्या आणि गेली कित्येक वर्षं ज्यूंच्या शेवटाच्या दिवसांच्या लिखाणांवर मराठीत भाष्य लिहीत होत्या. डिसेंबरात लोक फार घाबरले म्हणून दौंडच्या चर्चच्या पाळकांनी त्यांना बोलावलं होतं. त्या उभं राहून म्हणाल्या, “ह्या पुस्तकातले आकडे आपल्यासाठी लिहिलेले नाहीत.” म्हस्कू रागानं मधूनच उठून गेला होता. आज तो त्यांच्याकडेच निघाला होता.

“आक्काचं शास्त्र न्हेताय व्हय?” मदिनानं पिशवीकडे बघून विचारलं. “तिची खूण हाय त्यात. पडू देऊ नका.”

“मला म्हाईत न्हाई का?”

एसटी पाटसला उसाच्या ट्रॅक्टरांमागं अडकली. चौफुला, न्हावरा करत शिरूरला पोचायला अकरा वाजले. मुक्ताबाईंचं घर दोन खोल्यांचं, पत्र्याचं. बाहेरच्या खोलीत कॉटखाली, टेबलावर, खिडकीत चपलांचे खोके होते आणि प्रत्येक खोक्यात बारीक अक्षरांतली कार्डं. बाई सत्तरी ओलांडलेल्या, एका डोळ्यात मोतीबिंदू. त्यांनी म्हस्कूला लगेच ओळखलं.

“तुम्ही पहिल्याच भाषणाला उठून गेलात. दाराचा आवाज करून.”

“व्हय बाई. चुकलं.”

“आवाज करायला नको होता. जाण्याबद्दल काही नाही. बसा.”

म्हस्कू बसला. त्यानं वही काढून पुढं ठेवली. “माझं गनित कुठं चुकलं तेवढं सांगा. दुसरं काय नको.”

बाईंनी भिंग घेतलं आणि शाळेतली वही तपासावी तशी ओळ न् ओळ पाहिली.

“बेरीज बरोबर आहे.”

“मग?”

“हे सहाशे चौसष्ट कुठून आणलं?”

“तंबूतल्या साहेबानं सांगितलं. त्या साली कुन्या राजानं देवाचं ठिकान बाटवलं म्हनं.”

“त्या साली असं काही झाल्याचं मला तरी कुठं सापडलेलं नाही. एकोणीसशे नव्याण्णवातून तेराशे पस्तीस वजा करा बरं.”

म्हस्कूनं मनात केलं. त्याचा चेहरा उतरला.

“सहाशे चौसष्ट.”

“त्यानं उत्तर आधी घेतलं, मग गणित तयार केलं. तुम्ही प्रामाणिकपणे सोडवलंत, एवढंच.” बाई उठून आत गेल्या आणि दोन कप चहा घेऊन आल्या. “आता आलाच आहात तर त्या दिवशीचं राहिलेलं ऐकून जा. हे पुस्तक एका जुन्या, मोठ्या माणसाच्या नावानं म्हणतं, मी बाबेलच्या, म्हणजे बॅबिलोनच्या, राजाच्या दरबारात बसलोय आणि पुढं काय काय होणार ते सांगतोय. पुढच्या चारशे वर्षांचं सांगतं. कुठल्या राजाची मुलगी कुठल्या राजाला दिली, कोण कुणावर चालून गेलं, सगळं बरोबर. शेवटी एक ग्रीक राजा येतो. ज्यूंचं मंदिर बाटवतो, त्यांचे सण बंद करतो. तेही बरोबर. मग पुस्तक म्हणतं, हा राजा ज्यूंच्या देशात, समुद्र आणि पवित्र डोंगर यांच्यामध्ये तंबू ठोकेल आणि त्याचा शेवट होईल. पण तो मेला तिकडे लांब, इराणच्या बाजूला. आता तुम्ही सांगा, लिहिणारा माणूस कुठल्या काळात बसला होता?”

म्हस्कूनं चहाचा कप खाली ठेवला. हा प्रश्न त्याच्या ओळखीचा वाटला. एखादा डबा कुठं घसरला, हे रुळांवरच्या खुणा बघून सांगायचं असतं, तसा.

“जिथं चुकाय लागला, त्याच्या जरा अलीकडं.”

“अहो, हे कळायला मला वर्षं लागली!” बाई खूश झाल्या. “त्या राजाचा छळ चालू असताना, तो मरायच्या आधी. म्हणजे साडेएकवीसशे वर्षांपूर्वी. मागचं सगळं त्याला ठाऊक होतं, म्हणून ते बरोबर. पुढचं ठाऊक नव्हतं, म्हणून तिथं चूक.”

“म्हंजी इंजिन मागून लावल्यालं.”

“कसं?”

म्हस्कूनं दौंडला इंजिन कसं फिरवतात ते दोन कप आणि काडेपेटी मांडून दाखवलं. बाईंनी लगेच एक कोरं कार्ड घेऊन त्यावर काहीतरी टिपलं.

“आणि आकडे?” म्हस्कू म्हणाला. “ते तरी खरं असत्याल.”

“शेवटच्या पानावर बाराशे नव्वद दिवस लिहिलेत. लगेच खालच्या ओळीत तेराशे पस्तीस. दोन का?”

“दोन गाड्या असत्याल.”

“गाडी एकच. काही अभ्यासक म्हणतात, आणि मलाही पटतं, की आधी पहिलाच आकडा होता. तो दिवस आला आणि गेला, काही झालं नाही. मग कुणीतरी त्याखाली दुसरा लिहिला. सगळ्यांना हे मान्य नाही, वाद आहेत. पण एक बघा, पहिला आकडा त्यांनी खोडला नाही.”

“पंचेचाळीस,” म्हस्कू म्हणाला. “पंचेचाळीस लेट. आमच्या फळ्यावर लिहित्यात तसं.” आणि त्याला जरासं हसू आलं. पण ते लगेच गेलं. “बाई, एक इचारतो. जुन्या मानसाचं नाव घालून, झालेलं हुईल म्हनून सांगायचं, ही लबाडीच की.”

“मी माझ्या गुरुजींना हेच विचारलं होतं. भांडले होते त्यांच्याशी.” बाई खुर्चीत मागं टेकल्या. “ते म्हणाले, ज्यांच्यासाठी लिहिलं त्यांच्या जागी बसून वाच. सण पाळला म्हणून माणसं मारली जात होती. कुणाचा नवरा गेला, कुणाची लेकरं. त्यांना कुणीतरी सांगायला हवं होतं की हे कायमचं नाही, ह्याचे दिवस मोजलेले आहेत, तेवढे काढा. शेजारच्या माणसानं सांगितलं असतं तर कुणी ऐकलं नसतं. म्हणून जुन्या, मोठ्या माणसाच्या तोंडून सांगितलं. माणसं तगावीत म्हणून.”

म्हस्कूनं मांडलेले दोन कप एकाजवळ एक सरकवले. मग खाली बघत म्हणाला, “त्यांची तगली असत्याल. माझी बायकू मेली ना बाई त्या आकड्यापायी.”

आणि पंधरा महिने जे कुणाला सांगितलं नव्हतं, ते त्यानं सगळं सांगितलं. तंबू, वही, पुणं, ऑपरेशनला दिलेला नकार. सांगताना रडला नाही. ड्यूटीवर घडलेल्या अपघाताचा जबाब द्यावा तसं सांगितलं.

मुक्ताबाईंनी ऐकून घेतलं. शेवटी म्हणाल्या, “ते शास्त्र त्यांचंच का? बघू.”

त्यांनी चार पशूंच्या पुस्तकाचं शेवटचं पान काढलं. तिथं चौघडी घातलेला एक कागद होता.

“ती खूण हाय,” म्हस्कू घाईनं म्हणाला. “तिनं सोताच्या हातानं ठिवल्याली. हलवू नका बाई. मी अजून हलवली न्हाई.”

“उघडूनही पाहिली नाही?”

“कशाला बघू? तिच्या हातची घडी मोडली असती.”

बाईंनी कागद उचलला नाही. पण जुने कागद पाठपोट बघायची त्यांची सवय. त्यांनी वाकून, बाहेर दिसणाऱ्या कडेवर भिंग धरलं. “म्हस्कूभाऊ, हा दवाखान्याचा कागद आहे. पुण्याचा. इंग्रजीत आहे. तुम्ही सांगाल तर उघडते, नाहीतर नाही.”

म्हस्कूला इंग्रजी यायचं ते डब्यांवरच्या पाट्यांपुरतं. तो त्या कागदाकडे बघत राहिला. शेवटी म्हणाला, “उघडा.”

बाईंनी घडी एकेक पदर करून उलगडली. वाचला. पुन्हा पहिल्यापासून वाचला. मग वही जवळ ओढली.

“हे गणित तुम्ही कोणत्या दिवशी केलंत?”

“वर लिवलंय. रेल्वेची सवय हाय.”

“आठ फेब्रुवारी अठ्ठ्याण्णव, रविवार, दुपारी तीन दहा,” बाईंनी वाचलं. “आणि ह्या कागदावर सत्तावीस जानेवारी आहे.”

“न्हाई, न्हाई. ती पुन्याला गेली फेब्रुवारीच्या आखरीला.”

“जानेवारीत गेल्या नव्हत्या?”

“जानेवारीत मदिनाच्या भाचीचं लगीन…” म्हस्कू बोलता बोलता थांबला. “पुन्यालाच व्हतं लगीन.”

“मी सांगते ते नीट ऐका. डॉक्टरांनी लिहिलंय की आजार लिव्हरपर्यंत पसरला आहे. ऑपरेशनचा उपयोग नाही, ते करू नये. दुखण्यावर गोळ्या द्याव्यात. पेशंटला समजावून सांगितलं आहे. घरच्यांना घेऊन यायला सांगितलं आहे.”

“म्हंजी आपरेशन सांगितलंच न्हवतं?”

“नव्हतं. करता येण्यासारखंच नव्हतं. तुम्ही पेन हातात घ्यायच्या बारा दिवस आधी त्यांना हे माहीत होतं.”

म्हस्कूनं पाणी मागितलं. दोन तांबे पाणी प्यायला. मग म्हणाला, “परत एकदा वाचा.” बाईंनी परत वाचलं. तारीख त्यानं स्वतः भिंग धरून बघितली, कारण आकडे त्याला वाचता येत होते. सत्तावीस, एक, अठ्ठ्याण्णव.

“गनित करून बघा असं तिनंच म्हनलं व्हतं मला,” तो हळू म्हणाला. “त्या रविवारी. जेवान झाल्यावर. ‘तुमाला जमंल, तुमचा आकड्यात हात हाय,’ असं म्हनली.”

मुक्ताबाईंनी कागदाची घडी जुन्या दुमडीवरच घातली आणि जिथला होता तिथंच ठेवला. त्यांचा चांगला डोळा ओला झाला होता. “मघाशी तुम्ही मला लबाडीचं विचारलंत,” त्या म्हणाल्या. “मला पुढचं काही बोलता येत नाही. जेवून जा. पिठलं आहे.”

म्हस्कू पोटभर जेवला.

परतीच्या एसटीत न्हावऱ्याच्या पुढं त्याचा डोळा लागला. सोजर गेल्यापासून तो बसल्या जागी कधी झोपला नव्हता. दौंडला कंडक्टरनं हलवून उठवलं. “उतरा आबा, गाडी हितनं पुढं जात न्हाई.”

ऊन उतरलं होतं. मदिना अंगणातच होती, वाळत घातलेले कपडे काढत होती. म्हस्कू कुलूप न उघडता तिच्यासमोर जाऊन उभा राहिला.

“भाचीचं लगीन झालं का गं तुझ्या? पुन्याला? अठ्ठ्यान्नवच्या जानेवारीत?”

मदिनाच्या हातातली चादर तशीच राहिली. “आता इचारताय व्हय? खूण तर कवाच वाचली असंल की तुमी.”

“आज वाचली. बाईंनी वाचून दावली.”

“या अल्ला!” मदिना पायरीवर बसली. “पंधरा म्हयने? आवो, मला वाटलं तुमी आक्काला माती दिली त्याच दिशी वाचलं. आन् वाचून गप बसलाय. मी म्हनलं, मानूस बोलत न्हाई तर आपुन कशाला उकरायचं. आक्कानं शास्त्रावर हात ठिवून शपथ घातली व्हती, मी सांगायचं न्हाई म्हनून. पर ती म्हनली, कागद मी पुस्तकात ठिवते, माझ्यामागं ह्यांच्या हाताला लागंल.”

“लागला की. पर मी उघडला न्हाई.”

“का?”

“तिची घडी व्हती.”

मदिनानं कपाळाला हात लावला. “तुमी दोगं बी एका माळेचं मनी!” मग चादरीनं डोळे पुसून म्हणाली, “डाक्टरनं सांगितलं तवा रडली न्हाई ती. एसटीत बसल्यावर म्हनाली, मदिना, ह्यांना आज कळलं तर माझ्या आधी हेच जात्याल. ह्यांना कायतरी काम दिलं पायजे. आकड्याचं काम दिलं की हे गप लागत्यात.”

“आन् आपरेशन नको म्हनली, ते?”

“दुसऱ्या खेपेला तुमी लई मागं लागला व्हता, डाक्टर काय म्हनला, डाक्टर काय म्हनला. मग तिनं तुमचंच गनित तुमच्या पुढ्यात टाकलं.”

“म्हंजी तिचा इस्वास न्हवता?”

“देवावर व्हता,” मदिना म्हणाली. “तुमच्या बेरजेवर न्हवता. तुमी वही घिऊन बसला की आत चुलीपाशी मला म्हनायची, बघ गं, माझा शंटिंगवाला देवाची गाडी फलाटाला घेतोय. आन् तोंडाला पदर लावून हसायची. पोट धरून हसायची भाऊ, दुखायचं तरी.”

म्हस्कूला ते हसणं ऐकू आल्यासारखं झालं. आठ महिने तो समोरच्या खोलीत आकडे मांडत होता आणि ती आत हसत होती. त्याला आधी राग आला, मग तो राग कुठं ठेवावा कळेना, मग तो मदिनाच्या पायरीवर बसला आणि हसायला लागला. हसता हसता रडला. मदिनाचा नवरा कामावरून आला तो दारातच थबकला.

“काय झालं गं? कुनी गेलं का?”

“न्हाई,” मदिना म्हणाली. “भाऊंना खबर उशिरा पोचली.”

मंगळवारी सकाळी म्हस्कू ड्यूटीवर होता. मनमाडची गाडी आली. त्यानं पुढचं इंजिन सोडवलं, मागं आणलं, जोडलं. गाडी हलली तशी खिडकीतली एक म्हातारी ओरडली, “आवं बाबा, गाडी माघारी चाललीया! मला उतरवा!”

“बसा आजी,” म्हस्कू खालून म्हणाला. “मी जोडलीय. बरोबर चालली.”

दुपारी घरी आल्यावर त्यानं हातपाय धुतले आणि वही काढली. ती जाळून टाकायची असं त्यानं रविवारीच ठरवलं होतं. तेराशे पस्तीसच्या बेरजेवर एक आडवी रेघ मारायला पेन उचललं, पण मारली नाही. त्याखाली लिहिलं, “उत्तर आलं नाही. म्हस्कू. ४-१-२०००, मंगळवार, दुपारी २.४०.” मग वही सोजरच्या शास्त्राखाली ठेवून दिली. खूण आत तिच्याच पानावर होती.

“भाऊ,” भिंतीपलीकडून मदिनानं हाक मारली, “आज मेथी केलीय. भाकरी किती टाकू?”

“तीन टाक,” म्हस्कू म्हणाला. “भूक हाय.”